पाठमोरा पोपट

नागपूर, ५ जानेवारी २०२६

ती. पुष्पलता आत्यास,
मयुरीचा नमस्कार. वि. वि.

मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची लिहिली. प्रेक्षकांना चौकटीमागे बोलवायचं आमचं आधीच ठरलं होतं, असं मी लिहिलं. तसं नव्हतं. ते श्वेताला मंचावर उभ्या उभ्या सुचलं. तुझ्या मुलीचं श्रेय तिला परत करते.

खेळ तुला ठाऊकच आहे. श्वेता गोष्ट सांगते, लोक हात वर करून रंग निवडतात आणि मी मागून त्या रंगाचा दोर चौकटीत विणते. शेवटी पोपट दिसायला हवा. पण चौकट मी घरच्या सवयीने बांधली, तू शिकवलंस तशी, सुलटी बाजू विणणाऱ्याकडे. पोपट मला दिसला आणि लोकांना नुसत्या गाठी अन् लोंबती टोकं. मला घाम फुटला. श्वेता मात्र हसत म्हणाली, की पोपट तुमच्यावर रुसून पाठ फिरवून बसला आहे, चला मनवायला. रांगाच्या रांगा मंचावर चढल्या. मी पडद्याआड पळाले. टाळ्या तिला, फोटो तिचे.

पुढच्या रविवारी, १८ तारखेला, रामदासपेठेत प्रयोग आहे. त्याआधी चौकट फिरवावी म्हणते. चूक सुधारायची, हे निम्मं कारण. तिला बोलायला काही उरू नये, हे दुसरं निम्मं. ती आमच्याच घरी राहते, म्हणून फोन केला नाही. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी मयुरी

उमरेड, १० जानेवारी

चि. मयुरी,
अनेक आशीर्वाद.

पोरीची माय मी, अन् तक्रार माझ्याकडेच! बरं केलं वं.

हे त्या दिवशी तुमचा पोपट मागून पाहून आले. मले विचारत होते, की विणणारी काही दिसली नाही, मशीन होती काय? मी हसली, पण मले बरं नाही वाटलं.

श्वेताले मागावर बसवता बसवता मी थकली. पोरगी पळून जाय अन् ओट्यावर बायकायले गोष्टी सांगत राहे. तू बसली, म्हणून मी तुझंच कौतुक करत राहिली. तेव्हा ती तुझ्यावर जळून दोन-दोन दिवस बोलत नव्हती. चौकट फिरवाची तर फिरव. पण लोक तुझं काम पाहाले आले अन् तू काहून लपली? तिनं ढकललं होतं काय?

तिळाचे लाडू पाठवून राहिली. दोघींनी खा, मोजू नका. जेवणाची हयगय करू नको.

तुझी आत्या

नागपूर, १४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ती माझ्यावर जळायची, हे वाचून फार बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. लाडू मोजले. एक तिला जास्त गेला.

चौकट फिरवत नाही. लोक मागे येतील तेव्हा दोर हातात घेऊन मी उभी राहणार, आणि पोपट कसा विणला ते मीच सांगणार. तेवढा वेळ श्वेताने गप्प राहायचं. ती हो म्हणेल की फुगून बसेल, कळत नाही. तुझा हात डोक्यावर असू दे.

मयुरी

ता. क. तिला अजून सांगितलेलं नाही. तालमीत सगळ्यांदेखत, तोंडावर सांगणार: शनिवारी, १७ जानेवारीला.