पूर्ण शुद्धीत, अर्सिनोएच्या तुरुंगातून

मी, ऑरेलिया थैसारिऑन, सोतास यांची मुलगी, वय सव्वीस, धंदा पाणघड्याळे बनवणे व दुरुस्त करणे, सध्या मुक्काम इजिप्तमधल्या अर्सिनोए शहराचा तुरुंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द रीत म्हणून घातलेले नाहीत. उद्या सकाळी न्यायाधीश नेमके तेच ठरवणार आहेत.

मी ख्रिस्ती आहे. रोमन सम्राटांच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकायला मी नकार दिला; याला शिक्षा मृत्यूची. माझे वकील निलामॉन यांचा बचाव असा, की मुलगी वेडी आहे. वेडीला शिक्षा होत नाही. तिला काकांच्या ताब्यात देतात, कारखान्यासकट. वकील नेमला तो काका पेतेसूखोस यांनीच.

१. घर व कारखाना माझी सहकारी हेरैस हिला. सरकारने जप्त केलेच, तर जिन्याची तिसरी पायरी निखळलेली आहे हे अधिकाऱ्यांना सांगू नये.

२. गिरमिटे, कानशी आणि मापाचे भांडे हेरैसलाच. काकांनी ते भांडे दोनदा बिअर प्यायला नेले होते. तिसऱ्यांदा देऊ नये.

३. काकांना माझे गाढव. दोघांचे पटेल. ओझे दिसले की दोघेही खाली बसतात.

४. कोर्टातले घड्याळ मी बनवलेले आहे; त्यातले पाणी संपेपर्यंतच वकिलाने बोलायचे. तोटीत चुन्याचा थर बसल्याने पाणी सावकाश गळते आणि प्रत्येक वकील ठरल्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त बोलतो. हेरैसने तोटी दोन दिवस आंबट शिरक्यात ठेवावी, थर विरघळेल. गाव दुवा देईल.

हे मी परवा भर सुनावणीत उठून सांगितले. बोलत होते निलामॉन, माझ्याच बाजूने. त्यांनी लगेच हात पसरले.

“पाहिलंत, महाराज? स्वतःच्या वकिलाचं पाणी तोडायला सांगते! आणखी काय पुरावा हवा?”

कोर्ट हसले. न्यायाधीशांनी प्रथमच माझ्याकडे दयेने पाहिले. ते मला आवडले नाही.

नंतर निलामॉन कोठडीपाशी आले.

“पोरी, निकालाच्या दिवशी फक्त गप्प बस.”

“आणि त्यांनी विचारलं, हे खरंच मानतेस का?”

“छताकडे बघ. जमलं तर लाळ गाळ.”

“पाच वर्षं तपासून मानलंय, वकीलसाहेब. तोटीसुद्धा मी इतकी तपासत नाही.”

“हे असलं तर अजिबात बोलू नकोस!”

५. निलामॉन यांना माझे लहान घड्याळ, घरी सरावासाठी. माणूस वाईट नाही, लांबलचक आहे. त्यांच्या बचावाने मी जगेन; पण मी जे मानते तो आजार ठरेल. म्हणून हा कागद उद्या मी स्वतः न्यायाधीशांच्या हाती देणार आहे.

मृत्युपत्राला सात साक्षीदारांच्या मोहरा लागतात. सहा मिळाल्या. काका म्हणाले, “वेडीच्या कागदावर मी कशाला?” मग निलामॉन यांना विचारले. त्यांनी सगळे वाचले, चौथे कलम दोनदा.

“माझी मोहर लागली की माझाच बचाव खोटा. उद्या मरशील, कळतंय का?”

“कळतंय.”

“अगं, निदान एकदा तरी वेड्यासारखं बोल!”

मला सुचले नाही.

अर्सिनोए, फामेनोथ महिन्याचा अकरावा दिवस.
सही: ऑरेलिया थैसारिऑन

साक्षीदार एक ते सहा: पहारेकरी अम्मोनास व त्याच्या पाळीवरचे पाच जण. मोहरा उमटवल्या.

सातवा, स्वहस्ते: ऑरेलियस निलामॉन, वकील. मी स्वतः खात्री केली. बाई पूर्ण शुद्धीत आहे. दुर्दैवाने.