जरा आत

माजुली, ९ नोव्हेंबर

प्रिय माजनी,

वैशाखात आलेल्या तुझ्या पत्राला आज उत्तर देते आहे. उशिराबद्दल माफ कर. पूर आला, शाळेत छावणी होती, ही कारणं खोटी नाहीत, पण ती पुरेशीही नाहीत. आपल्या अंगणात नाच शिकणाऱ्या मुलींना नदीवरच्या तुझ्या नव्या नाचासाठी दिल्लीला नेऊ का, असं तू विचारलं होतंस. मला नाही म्हणायचं होतं, आणि त्याचं प्रामाणिक कारण सापडत नव्हतं.

देउता बरे आहेत. वडील म्हणून मला कधी ओळखतात, कधी नाही. गुरू म्हणून मात्र अजून चुकत नाहीत. सकाळी लाल चहा घेतला की गामोसा खांद्यावर टाकून खुर्चीत बसतात आणि मुलींच्या पायांकडे बघत राहतात. नदीने यंदा सुपारीची शेवटची रांग नेली. दरड कोसळताना होणारा तो धप्प आवाज ऐकला की ते अजूनही सवयीने विचारतात, "कुणाचं गेलं?" यंदा आपलंच होतं. मी सांगितलं नाही.

माझ्या मनात काय होतं ते लिहिते. माघात तू दिल्लीच्या त्या संस्थेच्या लोकांना घेऊन आलीस. कॅमेरावाली बाई देउतांना म्हणाली, आजोबा, अजून थोडं कडेला उभे राहा, मागे पाणी दिसू दे. कड खालून पोखरलेली असते हे तुला ठाऊक होतं. तरी तू गप्प राहिलीस. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक गोष्टीत मी काहीतरी हुडकत असते. 'हवामानबदल आणि सत्रिया नृत्य' असं तुमच्या पत्रकावर वाचलं, तेव्हा वाटलं, आपली बुडती जमीन हिला बरी सापडली. त्यात थोरल्या बहिणीचा थोडा मत्सरही असेल. किती, ते मला नीट मोजता आलेलं नाही.

त्या दिवशी घाटावर फेरीबोटीची वाट बघताना तू सहज म्हणालीस, "बाइदेउ, मुलींचं पाऊल आखूड झालंय." मी म्हटलं, गुवाहाटीचे रंगमंच मोठे, तिथल्या बायांची पावलंही मोठी. तू हसलीस. मी हसले नाही.

मग चैत्रात गुवाहाटीला तुझ्या या नव्या नाचाचा प्रयोग बघायला आले. शेवटच्या रांगेत बसले होते. सुरुवातीला माटी-आखरा, आपण अगदी लहानपणी मातीत लोळून शिकलेल्या त्या पहिल्या कसरती. मग नाच, आणि प्रत्येक फेरीला पाऊल लहान होत गेलं. शेवटी तुझ्या मुली जागच्या जागी थिजल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हिने आपल्या मुलींची चूक हेरली आणि तीच दिव्यांच्या उजेडात मांडली, असं वाटलं. तुला न भेटताच निघाले.

आता गेल्या आठवड्याचं. अंगणाला भेग पडली म्हणून वर्ग शाळेच्या मैदानावर नेला. केवढी मोकळी जागा. पण मुली थोडं पुढे जायच्या आणि वळायच्या, जणू समोर पाणी आहे. गवतावरचं दव एवढ्याशा चौकोनात मोडलं होतं, बाकी सगळं तसंच चमकत होतं. त्यातही एक पुढे सरकली, तर मी सवयीने ओरडले, "आत, जरा आत." तेव्हा देउता खुर्चीतून वैतागून म्हणाले, "आता कशाला आत? इथे नदी कुठे आहे?" आणि थोड्या वेळाने, "माजनी असती तर त्या सावरीच्या झाडापर्यंत गेली असती."

तुला आठवतं? दर पुरानंतर ते बांबूचं कुंपण अलीकडे घ्यायचे आणि वर्गात म्हणायचे, जरा आत. मुली कडेवरून पडतील ही त्यांना भीती होती, बस. मी तो शब्द नाचाचा समजले. तोच शिकवत आले. कॉलेजातल्या परिसंवादात 'गुरूंच्या शैलीतला संयम' म्हणून त्याच्यावर निबंधसुद्धा वाचला. तू चूक मांडली नव्हतीस. नदीने आमच्या पायांचं काय केलं ते तुला दिसलं होतं.

मुली दिल्लीला येतील की नाही, ते अजून सांगत नाही. त्या कॅमेरावाल्या बाईवर माझा विश्वास नाही, आणि त्या दिवशी तू गप्प का राहिलीस, हे तुला समोर बसवून विचारायचं आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. अंगण मोठं होतं तेव्हाच तू बेट सोडलंस, म्हणून देउतांचं पुरतं पाऊल आता फक्त तुझ्या पायांत आहे. ते बरोबर की चूक हे सांगणारे देउता अजून खुर्चीत बसतात, पण किती दिवस बसतील ते मला माहीत नाही. दिल्लीच्या आधी इकडे ये. मुलींना शिकव. मलाही शिकव.

तुझीच,
बाइदेउ

ता. क. मी ठरवलंय, उद्यापासून वर्गात 'आत' म्हणायचं नाही.