बाकावरची कामं

३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. गाडीतून उतरते न उतरते तोच नात येऊन अशी बिलगली की पिशवीसकट मी अंगणात बसले. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि योग्यच म्हणतात. लेक दारातून ओरडत होती, अगं, आजीला आत तरी येऊ दे, मग पाड.

घर छान आहे. गावापासून जरा लांब, चहूकडे शेतं, पुढे अंगण, मागे लांब पडवी. हवा अशी की शहरात कुणी बाटलीत भरून विकेल. जावई आजच फिरतीवर निघाले. कारखान्यांतली मोठी यंत्रं बिघडली की यांना बोलावणं येतं आणि मग आठवडेच्या आठवडे पत्ता नसतो. एरवी लेक एकटी निभावते. या वेळी म्हणाली, आई, तू ये ना. निवृत्त मुख्याध्यापिकेला काय, बोलावणारं कुणी भेटलं की निघाली! जावई जाताना हसून म्हणाले, आता आमच्या घरात शिस्त येणार तर. म्हटलं, याल तेव्हा बघाच.

५ फेब्रुवारी

घराची पाहणी केली. हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे म्हणतात. इथे कुणाचा हात फिरलाय असं दिसत नाही. खुर्चीचा पाय डुगडुगतोय, परसदाराची कडी लागत नाही, छत्रीची काडी बाहेर आलेली, भिंगरीच्या बाहुलीचा एक हात निखळून फडताळात पडलेला. लेकीला विचारलं, हे काय? तर म्हणे, ती त्याची कामं.

पडवीत एक लाकडी बाक आहे. मोडलेली वस्तू त्यावर ठेवायची. जावई आले की आधी बाकावर बसतात, मग हातपाय धुतात. त्यांनी केलेली दुरुस्ती लगेच ओळखता येते. तांब्याच्या तारेचे वेढे आणि टोक आत दुमडलेलं, कुणाला टोचू नये म्हणून. पण वस्तू बाकावर ठेवायच्या त्या ते परत निघाल्याचा फोन आल्यावरच. त्याआधी ठेवल्या तर यंत्रापाशी त्यांचं लक्ष घराकडे ओढतं आणि हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं. लेकही हसली, पण म्हणाली, थट्टा करू नकोस, आमचं ठरलंय. आणि ही माझी विज्ञान शिकलेली मुलगी.

८ फेब्रुवारी

लेक भिंगरीला घेऊन गावात गेली होती. तेवढ्यात सगळं घर झाडून काढलं आणि पायात येणारी मोडकी अडगळ नेऊन बाकावर ओळीने मांडली. लेक परत आली आणि ते पाहून पांढरीफटक पडली. उचलायला धावली. मी दटावलं, एका दुपारीत काय आभाळ कोसळणार आहे? राहू दे तिथे. माझ्या आवाजापुढे तिचं लहानपणापासून चाललेलं नाही. राहू दिलं.

रात्री जावयांचा फोन आला नाही. कामात असतील.

९ फेब्रुवारी

दुपारची झोप काढून पडवीत गेले तर खुर्ची ताठ उभी. छत्री उघडते, मिटते. बाहुलीचा हात जागच्या जागी, तांब्याची तार, टोक आत दुमडलेलं.

भिंगरी बाबा आले, बाबा आले करत घरभर धावली. पलंगाखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, कपाटसुद्धा उघडलं. लेक हसत होती. लपलाय गं तो, खोड आहे त्याची, म्हणाली, आणि त्यांच्या आवडीचा जास्त साखरेचा चहा टाकला.

चहाचं पाणी झालं. कुणी आलं नाही.

१० फेब्रुवारी

कंपनीचे साहेब आले. जावई गेले. परवा दुपारी. बंद केलेलं यंत्र एकाएकी फिरलं. शेजारी काम करणारा कामगार सांगत होता म्हणे, ते मध्येच मान वळवून मागे पाहायला लागले, घरून कुणी हाक मारल्यासारखे.

परवा दुपारी. मी वस्तू मांडत होते तेव्हा.

साहेबांनी मला अंगणात बाजूला घेतलं आणि खाली बघत सांगितलं, मुलीला कळू देऊ नका, हात मिळाले नाहीत.

वळले तर लेक दारात उभी होती.

१४ फेब्रुवारी

सगळं उरकून परत आलो. भिंगरीच्या शाळेच्या बाई शेजारधर्माने जेवण देऊन गेल्या. लेक रडत नाही. मला बोलही लावत नाही. लावला असता तर बरं झालं असतं. चार थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. भिंगरी विचारते, बाबा कधी येणार? आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

१५ फेब्रुवारी

सकाळी धाडकन आवाज झाला. लेकीने दगड घालून खुर्ची मोडली. तुकडे उचलून बाकावर ठेवले आणि आत येऊन परसदार ओढून घेतलं.

दुपारी पडवीतून ठक ठक सुरू झालं. ती दाराला कान लावून बसली. लग्नाच्या दिवशी तिचा चेहरा जसा होता ना, अगदी तसा. मी उठले, तिने हात धरला. आई, बघायचं नाही, म्हणाली. त्याला नाही आवडत काम चालू असताना कुणी बघितलेलं.

मी बसले. देवाशपथ, मलाही तो आवाज बरा वाटला.

१८ फेब्रुवारी

रोज काहीतरी फुटतं. रोज ती काहीतरी फोडते. पण दुरुस्ती आता बिघडत चालली आहे. छत्री मिटलेलीच शिवून टाकली आहे. परसदाराची कडी लागते, मात्र निघत नाही. पडवीत जायचं तर पुढून वळसा. भिंगरीच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवली, ती मनगटापाशी पूर्ण बंद. बाहुलीला तिसरा हात आला आहे. कुठून आणला, मला माहीत नाही. मी ती चुलीत घातली.

तारेची टोकं आता बाहेर असतात. टोचतात.

लेकीला स्पष्ट सांगितलं, हा तो नव्हे. ती शांतपणे म्हणाली, हात त्याचेच आहेत, आई. फक्त डोळे नाहीत सोबत. चाचपडत केलेलं काम असंच होणार.



२० फेब्रुवारी

सकाळी कुऱ्हाडीने बाक फोडला. ढलपे उडेपर्यंत फोडला. लेक खिडकीतून नुसती बघत राहिली. अडवलं नाही. तेव्हाच कळायला हवं होतं — फोडलेली वस्तूच तर हवी असते त्याला.

दुपारी ठक ठक. बराच वेळ.

बाक उभा आहे. आधी दोघं बसत. आता एक माणूस आडवं होईल इतका लांब आहे.

२२ फेब्रुवारी

भिंगरी झोक्यावरून पडली. मनगट वाकडं झालंय. मी फोनकडे धावले आणि मागे वळते तो लेक तिला उचलून पडवीकडे — बाकाकडे — पोर किंचाळतेय, मला तिथे नको — मी ओढून घेतली. माझ्या लेकीच्या हातावर ओरखडे काढले मी.

शाळेच्या बाई गाडी घेऊन आल्या. भिंगरीला त्या दवाखान्यात नेतील, मग स्वतःच्या घरी ठेवतील. गाडीत बसवताना भिंगरी कानात म्हणाली, आजी, आईने मुद्दाम झोका उलटवला. म्हणाली, रडू नकोस, बाबा नीट करतील.

बाई म्हणत होत्या, तुम्हीही चला. एक पाय गाडीत होता. पण मागे दारात माझी पोर एकटी उभी. काढून घेतला पाय.

२२, दुपार

शेवटी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, सगळं मोडकं तू बाकावर मांडलंस ना, आई? मग मी एकटीच मांडायची कशी राहिले?

मी पाया पडले तिच्या. आईने लेकीच्या पाया पडावं! म्हटलं, चल, आपण जाऊ, भिंगरी वाट बघतेय. तिने माझे केस नीट केले, कानामागे सारले. आणि पुढच्या दाराने बाहेर गेली, घराला वळसा घालून —

मी मागून जायला हवं होतं. वही ओढून बसले.

ठक ठक नाही. आज शिवण्याचा आवाज. तार ओढली की येतो तो —

ती ओरडत नाही. एकदाही नाही.

थांबलं.

हाक मारतेय. आई, आता दुखत नाही. मुळीच दुखत नाही. आवाज तिचाच, ओठ न उघडता बोलल्यासारखा. परसदाराखालच्या फटीतून पाय दिसतात. उभी आहे. एक पाऊल उलटं —

पुन्हा हाक. लहानपणी ताप आला की मारायची, तशी. तेव्हा मी पेपर तपासत असले तरी टाकून उठायचे.

जाऊ नये, कळतं मला. सगळं कळतं. पण कशीही शिवलेली असो, माझी आहे ती, आणि आईला हाक मारतेय, मी