पप्पूचा लॅपटॉप आणि तुझा

प्रिय आक्का,

परवा तू फोनवर विचारलंस ते सगळं मी एका वेगळ्या कागदावर लिहिलंय, बरं अक्षर काढून. तो कागद दाजींना दे. हे पत्र देऊ नको. हे मी धुरपताबाई कासारणीच्या हाती पाठवतोय. पंचमीच्या बांगड्या भरायला ती राणीसावरगावात येणारच आहे, तुझा हात धरून बसली की पिशवीच्या तळातून हळूच काढून देईल. फोनवरच बोललो असतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मागून तुझी सासू 'इचार की गं, तुझा भाऊ त्याच धंद्यात हाय ना' म्हणत राहते. 'माऊली, बरा आहेस का' एवढंसुद्धा तू विचारलं नाहीस. पाठ केल्यासारखं एका दमात म्हणालीस, पप्पू भाऊजींचा नांदेडला इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, अभ्यास पण झाला पाहिजे, गेम पण चालल्या पाहिजेत, पन्नास हजारांच्या वर जायचं नाही, तर कोणता लॅपटॉप घ्यावा. मी इकडं पुण्यात दुकानात हातात स्क्रूड्रायव्हर धरून उभा. मनात म्हणलं, दिराला काय पाहिजे ते हिला तोंडपाठ आहे. हिला काय पाहिजे होतं ते त्या घरात कुणाला आठवतंय का?

तर कागदावर असं लिहिलंय. रंगीत दिवे लागणारा कीबोर्ड बघून भुलू नका, दिव्यांनी गेम पळत नाही. ग्राफिक कार्ड वेगळं असलेलाच बघा. रॅम सोळाची घ्या. बसत नसेल तर आठची घ्या, पण दुसरी पट्टी बसवायला जागा रिकामी आहे का ते दुकानदाराला विचारा. गेमचा लॅपटॉप तापतो, गादीवर ठेवून खेळलं की आणखी तापतो. हे पप्पूला सांगून उपयोग नाही, तरी लिहिलंय. बॅटरी दिवसभर पुरणार नाही, चार्जर विटेएवढा येईल, कॉलेजात नेताना खांदा दुखेल. एकाच मशिनीत अभ्यास आणि गेम दोन्ही मागितलं की दोन्हीकडं थोडं थोडं सोडावं लागतं, हे घरात सगळ्यांनी आधीच समजून घ्या. नवा बसत नसेल तर जुना, दुरुस्त केलेला घ्या, गॅरंटी देणाऱ्याकडूनच घ्या, आणि घेताना उलटा करून खालचे स्क्रू बघा. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असले की समजायचं, आत आधी कुणाचा तरी हात जाऊन आलाय. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. दाजी वाचतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघ. का ते पुढं सांगतो.

तू म्हणशील, हा एवढं कधी शिकला. माझं मलाच कळत नाही. दहावीत दोनदा आपटलो, मग पूर्णा स्टेशनाबाहेर भज्यांच्या गाडीवर राहिलो, मग डीजेच्या टेम्पोत, मग हार्वेस्टरवर एका सरदारजीच्या मागं पार मध्य प्रदेशात. तो सरदारजी लय भला माणूस. भाकरी खाताना रोज विचारायचा, घरी कोण कोण आहे, आणि मी रोज सांगायचो की एक मोठी बहीण आहे, ती कॉम्प्युटर शिकते. तुझं लग्न कधीच होऊन गेलं होतं, तरी तेच सांगायचो. त्याला कुठं कळणार होतं. गव्हाचा भुसा नाकातोंडात जाऊन मला खोकला लागला म्हणून ते सोडलं आणि पुण्यात या दुकानात आलो. आधी नुसता झाडायला होतो. कोण काय बिघडवून आणतं ते बघत बघत हात बसला. मी कुठंच टिकत नाही असं आई म्हणते, पण इथं टिकलोय. त्यालाही कारण आहे. बघ, परत भरकटलो.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडं काय गर्दी होते म्हणून सांगू. लोक लॅपटॉपची पूजा करतात ना. एकाच्या कीबोर्डात हळद, एकाच्या पंख्यात अक्षता. एका बाईनं पडद्यावरच स्वस्तिक काढलं होतं, ओल्या कुंकवानं. आमचा मालक म्हणतो, 'देवाच्या कृपेनंच आपलं दुकान चालतंय पोरांनो, हसू नका.' पोरं तरी हसतात. मला हसू येत नाही. मला तुमच्या ओसरीवरचा तो पाडवा आठवतो.

तुझं लग्न ठरलं तेव्हा बीएस्सीचं तिसरं वर्ष तेवढं राहिलं होतं. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला जायचीस, उभ्यानं वही धरून काहीतरी पुटपुटायचीस, आणि मला वाटायचं ही मंतर म्हणायलीय. पाहुणे सुपारी फोडायला आले तेव्हा तुझे सासरे दिनकरराव भर बैठकीत म्हणाले, 'आमी सुनंला शिकवणार. लॅपटॉप बी घिऊन देणार. आमच्या घरात लेक अन् सून येगळी न्हाई.' सगळ्यांनी माना हलवल्या. मी आबांना कोपरानं ढोसलं, म्हणलं यादीत घ्या हे, याद्यांचा कागद समोरच आहे. आबांनी मला डोळे वटारले. पोरीच्या बापानं मागायचं नसतं, शब्द दिलाय ना माणसानं. अन् खरंच, त्या कागदावर पोरीकडच्यांनी काय काय द्यायचं तेवढंच लिहायची रीत. दुसऱ्या बाजूनं द्यायचं कुठं लिहिणार? मांडव, भांडी, वरातीची गाडी, सगळं ओळीनं आलं. तुझं तिसरं वर्ष हवेत राहिलं.

पण दिनकररावांनी शब्द पाळला म्हणायचा. चारचौघांत बोलले होते, पाळावा लागला. पहिल्या पाडव्याला लॅपटॉप घ्यायला परभणीला दाजी, पप्पू आणि मी, असे तिघं गेलो. तुला नेलं नाही. पुरणाला कुणीतरी पाहिजे होतं. तू मला दारात गाठून एवढंच म्हणाली होतीस, हलका बघ, आणि बॅटरी चांगली बघ, इथं लाईट जाते. दुकानात मी ते बोललो तर दाजी हसले आणि दुकानदाराला म्हणाले, 'साल्याला इचारू नका, ह्यो भजे तळतो. गेम चालंल असा दाखवा.' तरी दुकानदारानं मधला काहीतरी काढून दिला, धड गेमचा नाही, धड हलका नाही. मला वाटलं, असू दे. घरात तर चालला.

मग ओसरीवर पाट मांडला, त्यावर नवं ब्लाउजपीस, त्यावर लॅपटॉप, उघडून. आळीतल्या बाया बघायला आल्या. तुझ्या सासूनं, कुसुमबाईंनी, हळदकुंकू वाहिलं, कळांवर, अगदी मनापासून. मी म्हणलं, मावशी, बंद करून पूजा करा. तर म्हणाल्या, 'देवाचं तोंड झाकून पूजा करतेत का रे?' आणि दिनकररावांनी पाटाच्या कडेवर नारळ आपटला. नारळ पाणीदार निघाला. सगळं कीबोर्डावर. तू धावलीस, पदरानं पुसलंस, आणि चालतंय का बघायला बटण दाबलंस. पडदा एकदा लागला आणि विझला. बस. नारळ फोडणारा बाजूला राहिला, वाहणारी बाजूला राहिली, बटण दाबणारी सापडली. कुसुमबाई आळीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, 'हिनं हात लावला अन् गेलं बघा. नवी वस्तू, धीर न्हाई पोरीला.'

दाजी तो गंगाखेडला त्यांच्या मित्राच्या मोबाइलच्या दुकानात घेऊन गेले. आठवड्यानं परत आणला, म्हणाले, बोर्ड जळाला, मेला, आता ह्याच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. लॅपटॉप माळ्यावर गेला. तुझी पुस्तकं पण त्याच्यामागं गेली. त्या वर्षीच्या परीक्षेचं नाव काढलंस तर म्हणे आधी तो लॅपटॉप भरून दे. मग तू नाव काढायचंच सोडलंस. दोन वर्षांनी भाऊबीजेला मी आलो तेव्हा मिक्सर लावायलासुद्धा तू शेजारच्या पोरीला हाक मारलीस. मी बघत राहिलो. ज्या पोरीनं शाळेतला बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून आतलं मुंग्यांचं वारूळ काढलं होतं आणि चालू करून दाखवला होता, ती मिक्सरच्या बटणाला भ्यायली. मी विचारलं तर म्हणालीस, माझ्या हाताला गुण नाही रे. असं कुणी कुणाच्या तोंडात कसं घालतं, आक्का? रोज थोडं थोडं घालत असतील.

त्याच भाऊबीजेला संध्याकाळी दाजी मला गंगाखेडला त्या मित्राच्या दुकानात घेऊन गेले, लाडात होते. मागच्या खोलीत मित्राचा लॅपटॉप टीव्हीला जोडलेला, पप्पू आधीच बसलेला, गोळीबार चाललेला. दाजी मला म्हणाले, 'बघ कसं पळायलंय. आधी लय अडकायचं. एक पट्टी वाढवली, डिस्क बी नवी टाकली, दोन वर्षं झाली, कटकट न्हाई.' पप्पू उगाच हसला. मला तेव्हा पट्टी म्हणजे काय ते कळत नव्हतं. मी पण हसलो. दुसऱ्या दिवशी निघताना कुसुमबाईंनी माळ्यावरून तुझा लॅपटॉप काढून माझ्या पिशवीत कोंबला, 'जाता जाता भंगारात घाल बाबा, घरात नको ती अवदसा.' मी घातला नाही. का नाही घातला सांगता येत नाही. त्याच्यावर अजून तुझ्या पदराचा एक धागा अडकलेला होता. पुण्याला आलो, डोक्याखाली घेऊन झोपायचो. मग दुकानात लागलो तो याच्यासाठीच. बाकी काही शिकायचं नव्हतं मला.

हात बसायला वेळ लागला. दुसऱ्यांचे शंभर उघडले तेव्हा तुझा उघडायची हिंमत झाली. कीबोर्ड गेलाच होता, कळा गुळासारख्या चिकटलेल्या, खाली कुंकवाचा लगदा. पण त्याच्याखालचा बोर्ड कोरा होता, आक्का. डाग नाही, जळाल्याचा वास नाही, काही नाही. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. पोचलं होतं ते दुसरंच कुणीतरी. खालच्या स्क्रूंची डोकी ओरबाडलेली, एक स्क्रू मोबाइलचा बसवलेला, एक नव्हताच. आत रॅमची पट्टी नाही. डिस्क नाही. दोन्ही जागा रिकाम्या, पुसून घेतल्यासारख्या. नारळाच्या पाण्याला स्क्रू खोलता येत नाहीत. मी बाहेर जाऊन चहा प्यालो, परत आलो, परत बघितलं. पट्टी कुठं पळायलीय ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो होतो, वर हसून आलो होतो. कीबोर्ड बदलून घेतला असता तर तो त्याच आठवड्यात चालला असता. तू त्याच वर्षी परीक्षेला बसली असतीस. त्यांनी तुझं तिसरं वर्ष गेम अडकू नये म्हणून काढून घेतलं, आणि वर तुझ्याच हाताला नाव ठेवलं. आणि आता तूच पप्पूसाठी लॅपटॉप विचारायलीस, गेम चालणारा.

पप्पूचा कागद मी खरा लिहिलाय, त्यात खोट नाही. चांगला घेऊ दे त्याला. नवा आला की कुणाची नजर जुन्यावर जाणार नाही, एवढाच माझा स्वार्थ. पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. तुझ्या हातानं काही मेलेलं नव्हतं, हे तुला लिहून कळवायचं होतं. बोललो असतो तर तू 'जाऊ दे रे' म्हणाली असतीस. कागद परत वाचता येतो. दुसरं, नवी पट्टी, नवी डिस्क, नवा कीबोर्ड घालून तुझा लॅपटॉप चालू केलाय, तो पिंगळीला आईच्या पेटीत ठेवलाय. परभणीला कॉलेजात जाऊन आलो, तिसऱ्या वर्षाला तुला अजून बसता येतं, वेळ थोडा आहे. पंचमीला मुराळी म्हणून मीच येणार आहे, माहेरी न्यायला आलेल्या भावाला कुणी अडवत नाही. या वेळी पिशवीत दोन लुगडी कमी घे आणि मार्कशीटा घे, तळाशी घाल. परत कधी जायचं, जायचं का, ते आईच्या घरी बसून तू ठरव. आबांशी मी बोललोय, ते नुसते उठून बाहेर गेले, पण नाही म्हणाले नाहीत. पेटी आईला उघडू दे. पूजा करू नका, नारळ तर आणूच नका. मी लांब उभा राहीन. बटण तू दाब.

तुझाच,
माऊली