पेरॉक्सिनायट्राइट आणि अर्धं लिंबू

३ नोव्हेंबर, सोमवार

लिहायला बसले, कारण बोलायची बंदी झाली आहे. थोरल्या जाऊबाईंनी, मनकर्णाबाईंनी, दिवाळीपासून इन्शुलिन बंद केलं आणि त्याऐवजी कसलीशी भगवी पावडर पाण्यातून घ्यायला लागल्या. मी बोलले. तर हे म्हणाले, तू त्यात पडू नकोस, पावडर आपल्या रोहिणीची आहे, ताईला वाईट वाटेल. रोहिणी म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. नणंदेला वाईट वाटू नये म्हणून जाऊबाईंची साखर वाढू द्यायची! छान घर आहे.

वहीला तरी नणंद नाही.

४ नोव्हेंबर

रोहिणी येऊन गेली. पूर्वी नागापूरला एमआयडीसीत पॅकिंगला होती, आता ‘वेलनेस कोच’ आहे. गळ्यात ओळखपत्र. स्वतःच्या मामाकडे येताना ओळखपत्र!

म्हणते, “मामी, सगळ्या रोगांचं मूळ एकच. पेरॉक्सिनायट्राइट.” शब्द आरतीसारखा पाठ. साखर त्यानेच, सांधे त्यानेच, पायाच्या मुंग्याही त्यानेच. पावडर म्हणे ते विष धुऊन काढते. मी विचारलं, ते शरीरात तयार कशापासून होतं? म्हणाली, ट्रेनिंगला एवढं सांगितलं नव्हतं.

मी चौऱ्याऐंशीची बी.एस्सी., केमिस्ट्री घेऊन. आमच्या पुस्तकात हा शब्द नव्हता. पण थाप ओळखायला पुस्तक लागत नाही.

५ नोव्हेंबर

राहुरीला धनश्रीला फोन केला. लेक कृषी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवते, कधी नव्हे ते उपयोगी पडली.

शब्द खरा आहे! यांची खुबी हीच — खोटं खपवायला एक खरा शब्द उसना आणायचा.

शरीरात नायट्रिक ऑक्साइड असतं. रक्तवाहिन्या सैल ठेवतं, कामाचं. दुसरं सुपरऑक्साइड. दोघं भेटले की तत्क्षणी जुळतात आणि हा उपद्व्यापी जन्माला येतो. पापणी लवायच्या आत संपतोही, पण तेवढ्यात प्रथिनं, पेशींची आवरणं, डीएनए, जे समोर येईल त्याला डसतो. साखर चढलेली राहिली की तो वाढतो. मग नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. पाय बधिर होतात त्यात त्याचाही हात. आणि गंमत अशी की आपल्या पांढऱ्या पेशी तोच मुद्दाम तयार करतात, जंतू मारायला. सगळा धुऊन काढला तर जखमेतले जंतू कोण मारणार? रोहिणी?

पावडरने तो पकडता येईल का, विचारलं. धनश्री हसली. म्हणाली, राहुरीत बसून श्रीगोंद्यातली माशी मारण्यासारखं आहे ते. साखर ताब्यात ठेवायची, एवढाच उपाय. म्हणजे इन्शुलिन. म्हणजे जे बंद केलंय तेच!

९ नोव्हेंबर, रविवार

जाऊबाईंच्या पडवीत रोहिणीचा कार्यक्रम. गल्लीतल्या सगळ्या बाया जमलेल्या. हिने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात तपकिरी थेंब टाकले. हे तुमचं रक्त, हे त्यातलं विष. मग चमचाभर पावडर — पाणी स्वच्छ! बायांनी तोंडाला पदर लावले.

मला बसवेना. थेंब म्हणजे जखमेला लावायचं आयोडिन. पावडरीत क जीवनसत्त्व, ते आयोडिनचा रंग घालवतं. विषाचा काय संबंध? उठले, आमच्या बागेतलं लिंबू आणलं, दुसऱ्या ग्लासात तिचेच थेंब टाकले आणि अर्धं लिंबू पिळलं. पाणी स्वच्छ. म्हटलं, बघा, एवढ्या महाग डब्याचं काम अर्ध्या लिंबाने केलं.

जो हशा पिकला! शेजारची लंकाबाई म्हणाली, “रोहिणे, पोरी, आता लिंबंच इक.” रोहिणीचे कान लाल. डबे पिशवीत कोंबून निघून गेली. पुढचं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

आज झोप छान लागेल.

१० नोव्हेंबर

भाऊजी, म्हणजे पुंजाराम, थोरले दीर, सांगून गेले: पावडर बंद. एका लिंबात काम झालं!

१७ नोव्हेंबर

जाऊबाईंनी अबोला धरलाय. भाचीचा चारचौघींत पाणउतारा केला म्हणे मी. नका बोलू. मीही त्यांच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. बागेतली लिंबं मात्र गड्याकरवी मागवतात, पिशवी भरभरून. त्याला अबोला आड येत नाही. लोणचं घालत असतील.

२४ नोव्हेंबर

लंकाबाईही लिंबं न्यायला आली. शुगरला चांगली असतात म्हणे! कुणी सांगितलं, विचारलं तर नुसती हसली. काय डोक्याच्या बाया आहेत!

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी रोहिणीचा फोन. मला! मोठ्या मामीला गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात आणलंय, या. ती आईचा निरोप द्यायला त्यांच्याकडे गेली होती. खोलीत शिरताच वास आला. पांघरूण काढलं तर उजव्या तळपायाला खोल जखम, बोटं काळी पडलेली. जाऊबाईंना दुखलंच नव्हतं. साखर इतकी चढलेली की मशीनने आकडा दाखवायचं सोडलं.

मी गेले. डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल असं सांगता येत नाही. मी जाऊबाईंना विचारलं, पावडर सुटली होती ना, मग इन्शुलिन का नाही घेतलं?

इतक्या दिवसांनी बोलल्या.

“तूच दावलंस की समद्यांम्होरं, लिंबानं इख जातंय म्हनून. मंग सुई कशापायी टोचायची? रोज प्याले. पायाला बी चोळलं. तू शिकल्याली हायेस.”

रोहिणी तिथेच उभी होती. माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं, पाय घोट्याच्या वरून काढला. नर्सने नातेवाईक कोण म्हणून हाक मारली. भाऊजी बाकावरून उठेनात. सही मी केली. ताब्यात मिळालं ते: लुगडं एक, हिरव्या बांगड्या, उजव्या पायाची जोडवी, कापून काढलेली.

डाव्या पायाची त्यांच्याच पायात आहेत.