इमरती कोंबडीवरचे माझे उपचार

६ जानेवारी, सकाळ
धुकं. समोरची भिंतसुद्धा दिसत नाही. नवीन वर्षाचा संकल्प: रोज सकाळी फिरायला जाणे. आज गेलो नाही. धुक्यात फुप्फुसं खराब होतात. गोड सोडायचंही ठरवलं आहे, पण ते संक्रांतीनंतर.

६ जानेवारी, दुपार
इमरती जखमी. मागच्या अंगणातल्या कोंबड्यांपैकी ही थोरली, तांबडी. एका जागी गोल गोल फिरत बसते म्हणून आमच्या सुनेने, गरिमाने, जिलबीसारख्या वेटोळ्या मिठाईचं हे नाव ठेवलं. मुंगसाने पाठ फाडली. काल खुराड्याची कडी मी लावली होती. म्हणजे लावली असणारच. मी कडी लावणारा माणूस आहे. कडीच ढिली आहे, हे मी दिवाळीपासून मनातल्या मनात म्हणतोय.

आमची ही, मंदा, रडली. ही पिल्लू असताना तिने हिला स्वयंपाकघरात, बुटांच्या खोक्यात, बल्ब लावून वाढवलेलं. मी म्हणालो, रडतेस काय, मी आहे ना! माझे पणजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोड्यांच्या जखमा बांधायचे. हे रक्तातच असावं लागतं. मंदा म्हणाली, ते रिसाल्यात आचारी होते. असतील. पण रिसाल्यात होते.

उपचार आता मी हातात घेतो आहे.

६ जानेवारी, संध्याकाळ
जखमेवरचा टॉवेल उचलला. नीट पाहिलं. मग पायरीवर बसलो. चक्कर नव्हती; उपाशीपोटी वाकलं की बीपी लो होतं. गरिमाचं म्हणणं, "पापाजी, आप बैठे नहीं, लेट गए थे." तिने आधी माझ्या तोंडावर पाणी मारलं, मग कोंबडीकडे गेली. चूक. पेशंट पहिला.

मीठ घातलेल्या कोमट पाण्याने मंदाने जखम धुतली. मध्येच उठून मोरीत ओकून आली, तोंड धुतलं, परत बसली आणि कातडीला चिकटलेली पिसं कात्रीने कापू लागली. मी देवघराच्या दारातून लक्ष ठेवून होतो. लांबून ओव्हरऑल पिक्चर येतं.

७ जानेवारी
गरिमाने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. मी विरोध केला. त्यांनी ऐकलं नाही. इमरतीला टोपलीत घालून स्कूटीवर दोघी गेल्या. डॉक्टरांनी औषधं दिली, रोज जखम धुवायला सांगितली आणि जखम पुरती सुकेपर्यंत तिला इतर कोंबड्यांत सोडू नका म्हणाले. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात म्हणे.

हे पुस्तकी झालं. मी गप्प बसलो. मोठ्या वैद्याने लहान वैद्याला बोलू द्यावं.

८ जानेवारी
हळद हवीच. दाल बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, किती पाहिजे? मी म्हणालो, इलाज लंबा चलेगा. पोतं रिक्षात घालून आणलं. घरी उघडलं तर हळकुंडं! आमच्याकडे ती कुटायला काही नाही. मिक्सर लावून पाहिला. मिक्सरचा आवाज गेला, मग मिक्सर गेला. चायनीज मोटर असणार.

मंदा म्हणाली, जखमेवर डॉक्टरांचं मलम आहे, हळद कशाला? तिला दूरदृष्टी नाही. पोतं पलंगाखाली.

१० जानेवारी
आज फिरायला गेलो! गोरखीच्या बाजूने एक चक्कर. चहाच्या टपरीवर संभाजीराव आणि मंडळी भेटली. संभाजीराव फौजेतून रिटायर, प्रत्येक गोष्टीत सल्ला देतात. आज मी दिला. पक्ष्याची जखम कशी धुवावी, कातडी कशी ओळखावी, हाताचा स्पर्श कसा हवा. "असं धरायचं, जसं लहान मूल." संभाजीराव म्हणाले, "दिनकरराव, तुम्ही तर छुपे रुस्तम निकलले." इकडे हिंदी मुलखात राहून ह्या लोकांचं मराठी एकदम बेकार होऊन गेलं आहे.

धुतो मी, असं मी म्हटलं नाही. धुतात, असं म्हटलं. ऐकणाऱ्याने काय ऐकावं हे माझ्या हातात नाही.

१२ जानेवारी
इमरती बरी दिसते. स्वयंपाकघरात टोपलीत बसून असते. पण डोळ्यांत उदासी. माझं निदान: एकांत. माणूस काय, कोंबडी काय, आपल्या माणसांत बरं होतं. मी नागपूरला बदलीवर होतो तेव्हा माझं वजन किती उतरलं होतं!

उद्या मंदा आणि गरिमा हळदीकुंकवाच्या खरेदीला टोपी बाजारात जाणार आहेत. तेव्हाच.

१३ जानेवारी
सोडलं तिला अंगणात. बाकीच्या धावत आल्या. स्वागताला, असं वाटलं.

तिघींनी पाठच धरली. मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या, चप्पल फेकली. चप्पल इमरतीलाच लागली. शेवटी मी मध्ये घुसलो आणि तिला उचललं. शर्ट रक्ताने भरला. या वेळी मी बसलो नाही, हे नोंदवून ठेवतो. भिंतीला टेकून उभा होतो.

दोघी परत आल्या. मी समजावून सांगू लागलो की सिद्धांत बरोबर होता, कोंबड्या चुकल्या. मंदाने हातातल्या बांगड्यांच्या पिशव्या खाली ठेवल्या, माझ्या कुशीतून इमरतीला घेतलं आणि आत गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१४ जानेवारी
संक्रांत. मंदाने तिळगूळ दिला. बोलली काही नाही.

दोन लाडू जास्त खाल्ले. गोड सोडण्याचं होळीनंतर बघू.

१६ जानेवारी
इमरती खात नाही. मान टाकली आहे. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. विचारत होते, इसको बाहर किसने छोड़ा? गरिमा म्हणाली, "छूट गई थी." सून चांगली आहे. हे मी पूर्वी कुठे लिहिलेलं नाही.

सकाळी चहा मागायला स्वयंपाकघरात गेलो. मंदा जमिनीवर बसलेली, मांडीवर शाल, शालीत कोंबडी. ड्रॉपरने चोचीच्या कडेला पाणी सोडत होती आणि म्हणत होती, "घे ना गं बाई. एवढंसं घे." एक थेंब आत जाई, दोन बाहेर. तिचा आवाज मी असा फार वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी आमच्या मुलाला, समरजीतला, टायफॉइड झाला होता तेव्हा ऐकला होता.

दारातूनच परत फिरलो. फरशी फार गार होती म्हणून. चहा बाहेर टपरीवर घेतला. संभाजीराव म्हणाले, कोंबडी कशी आहे? मी म्हणालो, रिकव्हरी मोड.

१९ जानेवारी
खाल्लं! भिजवलेल्या पोळीचा तुकडा. मंदाने हाक मारली, "अहो, बघा!" म्हणजे बोलणं सुरू झालं.

काल मी टोपलीजवळ उभा राहून मनातल्या मनात रामरक्षा म्हटली होती. मधल्या ओळी आठवल्या नाहीत, तरी परिणाम बारा तासांत. मंदाला सांगितलं नाही. श्रेय घेणं माझ्या स्वभावात नाही. टपरीवर मात्र सांगितलं.

२५ जानेवारी
जखमेवर खपली, कडेने नवी पिसं. व्हिडिओ करायचं ठरवलं: 'घायाळ पक्षी आणि आपण'. गरिमाला मोबाइल धरायला लावलं. मी इस्त्रीचा कुर्ता घातला, इमरतीला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, "नमस्कार. पक्ष्याला सर्वप्रथम विश्वास द्यावा लागतो." इथे तिने चोचीत अंगठा धरला. सोडेना. व्हिडिओत पुढचा सगळा आवाज माझा आहे.

गरिमाने नोएडाला समरजीतला पाठवला. समरजीतने त्याच्या ऑफिसला. एडिट करून पाठवायला हवा होता.

२८ जानेवारी
अनर्थ. सकाळीच संभाजीराव दारात. हातात शबनम पिशवी, पिशवीत कबूतर. पतंगाच्या मांजाने पंख कापलेला. त्यांच्या गच्चीवर पडलं होतं. फौजी माणूस, पण डोळे ओले. म्हणाले, "दिनकरराव, हे फक्त तुम्हीच करू शकता. तुमचा हात."

मी हात पुढे केला. पंख उचलला. आत पांढरं हाड.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याखाली शबनम पिशवी होती. अंगणात मंदा पाटावर बसलेली, तिच्या मांडीवर कबूतर, गरिमाच्या हातात टॉर्च. मंदा दातांत चिकटपट्टी धरून संभाजीरावांना सांगत होती, "असं धरा. अहो, दाबू नका. जसं लहान मूल." आणि संभाजीराव म्हणत होते, "हो ताई. जी ताई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस आहे, पण टपरीवर बोलणार.

मी स्पष्ट केलं की आज माझा उपास होता. मंदा म्हणाली, "सकाळी पोहे खाल्लेत की." संभाजीरावांसमोर!

२९ जानेवारी
फिरायला गेलो नाही. धुकं. (ऊन पडलं होतं, पण गोरखीकडे धुकं असणार.)

४ फेब्रुवारी
इमरती अंगणात. बाकीच्यांना पुढे घालून फिरते. मला बघून पिसं फुलवते.

संभाजीराव बोलले. शेजारच्या उषाताई पाय मोडलेली साळुंकी घेऊन आल्या. मागच्या गल्लीतून कोणी खार आणली. मी दार उघडलं की विचारतात, "मंदाताई आहेत?" मी म्हणतो, आहेत, पण काय केस आहे? ते म्हणतात, नाही, ताईंनाच दाखवायचं आहे.

मला वाईट वाटलं नाही. संस्था उभी करणारा माणूस पुढे पुढे करत नसतो.

९ फेब्रुवारी
आज मोठी गर्दी. एक बदक, एक पोपटाचं पिल्लू आणि पुन्हा तेच कबूतर, पट्टी बदलायला. मंदाने आतून आवाज दिला, "अहो, जरा पाणी गरम करा."

केलं. कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार घातलं, पुन्हा पाहिलं. भांडं दोन्ही हातांनी धरून नेलं, डोळे छताकडे ठेवून, म्हणजे काही दिसू नये. सांडलं नाही.

मंदाने बोट बुडवलं. म्हणाली, "बरोबर झालंय."

टपरीवर अजून कोणाला सांगितलेलं नाही.