पाणी पिऊन येतो

बाबा, काल घरात मीटिंग झाली. तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीने झाली, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी, टीव्ही बंद करून, आणि एकाचाही नकार असेल तर विषय बारगळला असं आधीच बजावून. फक्त टेबल इथलं, जपानातल्या त्सुकुबातलं होतं आणि माणसं तीनच: मी, तुमचा जावई आणि तुमची नात. ती आता एकोणीस वर्षांची आहे. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे हे वाक्य लिहिताना माझाच विश्वास बसत नाहीये. विषय असा की तिला एक वर्ष लिथुआनियात शिकायला जाऊ द्यायचं की नाही. ते सांगतेच, पण आधी आपल्या फाटकाच्या कुलपाबद्दल बोलायचंय, कारण ते सोडून कालचं काही मला धड सांगता येणार नाही.

पुण्यातल्या आपल्या सोसायटीत बारा बिऱ्हाडं, आणि तुम्ही तिचे कायमचे सेक्रेटरी, कारण दुसरं कोणी व्हायला तयारच नसायचं. मी नववीत असताना तळमजल्यावरच्या दोन सायकली चोरीला गेल्या आणि फाटकाला दहा वाजता कुलूप लावायचं की नाही, यावर आपल्या हॉलमध्ये तीन रविवार रणकंदन झालं. तळमजल्याला कुलूप हवं, वरच्यांना नको. त्यांच्याकडे पाहुणे उशिरा येणार, आणि सायकली काही त्यांच्या गेल्या नव्हत्या. तुमचा हट्ट असा की ठराव होईल तर एकमताने, नाहीतर नाहीच. बहुमताने लावलेलं कुलूप चार दिवसांत कोणीतरी उघडं टाकतं, असं तुम्ही म्हणायचात. तिसऱ्या रविवारी सगळे तयार झाले, दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतले काका सोडून. त्यांची पाळी आली तसे ते उठले, "मी जरा पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि आपल्या स्वयंपाकघरात गेले. तुम्ही शांतपणे वहीत लिहिलंत, 'उपस्थित सर्वांच्या एकमताने'. मी आत उभी होते. काका ओट्याशी खरंच पाणी पीत होते आणि आई त्यांच्या हातावर लाडू ठेवत होती. मला हसू आवरेना. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, ही चक्क लबाडी आहे." तुम्ही म्हणालात, "त्यांना पटलेलं नाही. पण आपल्यापायी सगळ्यांचं अडू नये, असंही त्यांना वाटतं. मग माणसाने करावं काय? विरोध करणं सोपं असतं गं. न पटलेलं निभावून नेणं अवघड." आणि त्यानंतर रोज दहाला किल्ली घेऊन खाली उतरायचं काम त्याच काकांनी अंगावर घेतलं. ही शेवटची गोष्ट मी पुढे साफ विसरून गेले.

मी सेंदाईला पीएच.डी. करायला लागले, तेव्हा माझा विषय ऐकून नातेवाईक गप्पच व्हायचे. जपानात बसून युरोपचा अभ्यास, तोही तिथल्या देशांच्या सामायिक सुरक्षा आणि संरक्षण धोरणाचा! तुम्ही एकट्यांनी फोनवर विचारलंत, "म्हणजे नक्की काय गं?" मी सांगितलं की एवढे सगळे देश, प्रत्येकाचं सैन्य वेगळं आणि भीतीही वेगळी. कोणाला पूर्वेची सरहद्द दिसते, कोणाला दक्षिणेचा समुद्र. कोणाकडे जहाजं आहेत, कोणाकडे डॉक्टर, आणि काहीजण तर आम्ही कुठल्याच गोटातले नाही असं वर्षानुवर्षं सांगत आलेले. तरी कुठे शांतता राखायला माणसं पाठवायची तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि एकाने नाही म्हटलं की गाडी अडली. तुम्ही पलीकडे खो खो हसायला लागलात. "अगं, मग हे फाटकाचं कुलूपच की! त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलीस?" मला राग आला होता. माझा थोर विषय तुम्ही सायकलींवर आणून ठेवलात. पण खरं सांगू का, आजवर कोणत्याही विद्वानाने तो मला याहून बरा समजावलेला नाही.

मग मार्चमधला तो भूकंप झाला. बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही शाळेच्या जिममध्ये पुठ्ठे अंथरून झोपत होतो. बालवाडीतून पोरीला उचलून आणताना दाराशी काढून ठेवलेले तिचे बाहेरचे बूट तिथल्या कप्प्यातच राहिले होते, म्हणून ती सारखी विचारायची, "माझे बूट रडत असतील का?" अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्यावर तुमचा जावई म्हणाला, "तू हिला घेऊन पुण्याला जा, मला प्रयोगशाळा टाकून येता येणार नाही." त्सुनामीने विमानतळ पाण्याखाली, म्हणून बसने डोंगर ओलांडून यामागाताला, तिथून टोकियो आणि मग घरी. तुम्ही दारात होतात. पोरीला कडेवर घेतलंत आणि तिच्या मोज्यांकडे बघत राहिलात.

महिन्याभराने बालवाडीच्या बाईंची मेल आली. शाळा पुन्हा सुरू झाली आहे, बूट कप्प्यात जागच्या जागी आहेत, घाई नाही. मी ती दहादा वाचली. माझा प्रबंध अर्धा पडलेला, नवरा तिकडे बाटलीबंद पाण्यावर आणि डब्यातल्या माशांवर दिवस काढतोय, आणि इकडे रोज कोणीतरी येऊन सांगतंय की लहान मुलीला घेऊन त्या किरणोत्सर्गात जाणं म्हणजे वेडेपणा. तुम्ही मीटिंग बोलावलीत. आईने डोळे पुसत पुसत 'जाऊ दे' म्हटलं, दादाने 'तिचं तिला कळतं' म्हटलं. मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खुर्ची मागे सरकवलीत आणि म्हणालात, "मी जरा पाणी पिऊन येतो."

मी इतकी चिडले होते बाबा, की माझे कान तापले. आतून नळाचा आवाज येत होता. किती वेळ! एक माणूस एवढं पाणी पितो का? आई म्हणाली, "झालं, ठरलं," पण मी उठून तुमच्यामागे आले. तुम्ही पाठमोरे होतात. मी म्हटलं, "ही काय सोसायटी आहे का? पोटची मुलगी आहे मी. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा!" तुम्ही नळ बंद केलात, तोंडावर हात फिरवलात, पेला भरून माझ्यापुढे धरलात आणि विचारलंत, "पाणी हवंय का तुला?" मी तो पेला घेतला आणि तसाच ओट्यावर आपटला. माझ्या हातावर पाणी सांडलेलं मला अजून आठवतंय. पळपुटे आहात तुम्ही, असं मी म्हणाले नाही. पण तुम्हाला ते ऐकू आलं असणार.

त्यानंतरचा आठवडाभर तुम्ही बॅग भरत होतात. मेतकूट, भाजणी, दुधाची पावडर, प्रत्येक पिशवीवर तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात नाव. विजेरी, तिचे सेल, किरणोत्सर्गावर घ्यायच्या आयोडिनच्या गोळ्यांची चौकशी करायला तीन डॉक्टर पालथे घातलेत. टेकडीवर फिरायला जाताना गळ्यात अडकवायचात ती पितळी शिट्टी नवी नाडी ओवून नातीला दिलीत आणि तिला वाजवायला शिकवलंत: तीनदा, थांबायचं, पुन्हा तीनदा. आईचं डोकं उठलं पण तुम्ही शिकवणी थांबवली नाहीत. आणि नंतर तिकडे धरणी जरा हलली की तासाभरात तुमचा फोन. भूकंपाचं नाव काढायचा नाहीत. "नळाला पाणी येतंय ना?" एवढंच विचारायचात. परत ये, असं एकदाही म्हणाला नाहीत. 'मी सांगितलं होतं ना', असंही नाही. दोन वर्षांनी दादाचा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. ओट्यावर तुमचा पेला उपडा घातलेला होता.

मी रागावलेलीच राहिले, हे तुम्हाला सांगायला हवं. पुष्कळ वर्षं. मग इथे त्सुकुबात शिकवायला लागले. एकदा वर्गात मी युरोपीय संघाच्या करारातलं एक कलम समजावत होते. एखाद्या सदस्य देशाला निर्णय पटला नाही, तर नकार न देता, तसं सांगून तो बाजूला राहू शकतो. निर्णय राबवायची सक्ती त्याच्यावर नाही. पण हा आपल्या सगळ्यांचा निर्णय आहे हे त्याने मानायचं आणि त्याच्या आड येईल असं काही करायचं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "सेन्सेई, हा भित्रेपणा नाही का? हो पण नाही, आणि नाही पण नाही." मी उत्तर द्यायला गेले आणि मला एकदम किल्ली घेऊन जिना उतरणारे काका दिसले. मग शिट्टी. मग पिशव्यांवरची ती अक्षरं. अगं बाई, मी मनात म्हटलं, कलमात सांगितलेलं नाही तेही बाबांनी केलं होतं! मी वर्गाकडे पाठ करून फळा पुसत बसले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलांनी सभ्यपणे वह्यांत माना घातल्या.

आता तुमच्या नातीचं. तिला जुन्या लाकडी इमारती दुरुस्त करायला शिकायचंय आणि तशी घरं तिकडे राजधानीत, विल्नियसमध्ये आहेत म्हणे. बाकी सगळं जग सोडून तेच! मी नकाशा उघडला. ही सरहद्द, पलीकडे कोण, बाकी युरोपला जोडणारी ही चिंचोळी पट्टी तुटली तर काय, सगळं सांगितलं. ती बुलेट ट्रेनमध्ये बसल्यासारखी शांत. "आई, तूच शिकवतेस ना, एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी मदत करायची? करारात आहे ना ते?" मी म्हटलं, "करारात असणं आणि वेळेवर पोचणं यात फरक असतो बयो." तर म्हणते, "देमो... पण भूकंप तर इथेही येतो." नवरा गालात हसत होता. त्याचं काय जातंय हसायला, त्याचं 'हो' आधीच झालेलं. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत, नीट शब्द जुळवत म्हणाली, "आजोबांचा नियम आहे. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. चिडणार पण नाही."

बाबा, माझ्या जिभेवर 'नाही' होतं. एक शब्द, आणि पोर घरात राहिली असती. मला ते पटलेलं नाही, आजही नाही. मी रोज त्या सरहद्दीबद्दल वाचते, मला फार कळतं, हाच तर त्रास आहे. मी तिच्याकडे पाहिलं, उठले, "पाणी पिऊन येते," म्हटलं आणि आत आले. नळ सोडला. आणि रडायलाच लागले, अगदी हमसून, भांडी घासायच्या सिंकवर ओणवी होऊन. नळ जोरात सोडला म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. ते मला तिथे कळलं. तुम्ही तोंडावर हात का फिरवलात, तेही.

थोड्या वेळाने ती आत आली. मी घाईघाईने पेला भरला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पाणी हवंय का तुला?" ती क्षणभर माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने पेला घेतला आणि एका दमात सगळा प्यायली. मी आज सकाळी शिट्टीला नवी नाडी आणून ओवलीय. उद्यापासून यादी करायची, तिकडे थंडी फार.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आपली इमारत पाडली, तिथे नवी उंच झालीय, फाटकावर कॅमेरा आहे. राहू दे माझ्याच टेबलाच्या खणात. फक्त एक कबूल करते. त्या दिवशी मी तुमच्यामागे आत आले ती 'हो' ऐकायला नव्हे. मी पार घाबरलेली होते. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तर मी पुण्यातच राहिले असते, आणि जन्मभर तुमच्या नावाने बोटं मोडली असती. तेच मला हवं होतं, बाबा. आणि मला तहानही लागली होती.